इफ्राइम सॉल अँडरसन

इफ्राइम सॉल अँडरसन (इ.स. १९११ – मार्च २००६) हे ब्रिटिश वैद्य व जीवाणुशास्त्रज्ञ होते. लंडनच्या कॉलिंडेल भागातील आंत्ररोग संदर्भ प्रयोगशाळेचे ते १९५४ ते १९७८ या काळात संचालक होते. विषमज्वर (टायफॉईड) आणि साल्मोनेला गटातील अन्य जीवाणूंचे सूक्ष्म वर्गीकरण करून साथीचे मूळ शोधण्याच्या शास्त्रात त्यांनी मोठी भर घातली. वासरांच्या संगोपनात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांमुळे औषधांना दाद न देणारे जीवाणू तयार होतात आणि ते माणसांपर्यंत पोहोचतात, हे १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये साधार दाखवून देणाऱ्या संशोधकांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांच्या संशोधनामुळे आणि जाहीर आग्रहामुळे ब्रिटिश सरकारला स्वान समिती नेमावी लागली. पशुखाद्यातील प्रतिजैविकांवर निर्बंध घालणाऱ्या पुढील काळातील अनेक कायद्यांची मुळे या समितीच्या अहवालात सापडतात.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

अँडरसन यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्य भागातील न्यूकॅसल अपॉन टाइन या औद्योगिक शहरात झाला. त्यांचे कुटुंब एस्टोनियातून आलेले ज्यू स्थलांतरित कुटुंब होते. शालेय शिक्षण न्यूकॅसलमध्येच पूर्ण करून त्यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय त्या काळी डरहॅम विद्यापीठाशी संलग्न होते. १९३४ साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत सामान्य वैद्यकीय व्यवसाय केला.

तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा होता. विषमज्वर, न्यूमोनिया, जखमेतून होणारा जंतुसंसर्ग अशा आजारांत वैद्याच्या हाती शुश्रूषेपलीकडे फारसे काही नसे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिन आले. औषधाविना दगावणारे रुग्ण आणि औषधामुळे वाचणारे रुग्ण अशा दोन्ही अवस्था अँडरसन यांच्या पिढीने एकाच आयुष्यात पाहिल्या. ही औषधे जपून वापरली पाहिजेत, असा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात अँडरसन ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात (रॉयल आर्मी मेडिकल कोअर) दाखल झाले. त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये विकृतिशास्त्रज्ञ म्हणून झाली. उष्ण हवामान, अपुरी स्वच्छता आणि सैन्याची सततची हालचाल यांमुळे तेथे आतड्यांचे आजार ही मोठी समस्या होती. विषमज्वराच्या साथींचा अभ्यास त्यांनी येथेच सुरू केला. एकाच आजाराचे अनेक रुग्ण एकाच वेळी आढळले, तरी त्या सर्वांना एकाच ठिकाणाहून संसर्ग झालेला असतो असे नाही. ते वेगवेगळे केल्याशिवाय साथीचा उगम सापडत नाही. त्यासाठी लागणारे तंत्र त्यांना युद्धानंतर कॉलिंडेल येथे हाताळायला मिळाले.

कॉलिंडेल येथील कार्य

युद्ध संपल्यावर काही काळ लंडनमध्ये जीवाणुशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन अँडरसन १९४७ साली सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा सेवेच्या कॉलिंडेल येथील आंत्ररोग संदर्भ प्रयोगशाळेत रुजू झाले. या प्रयोगशाळेचे प्रमुख आर्थर फेलिक्स हे विषमज्वराच्या जीवाणूवरील संशोधनासाठी प्रसिद्ध होते. देशभरातील रुग्णालये आणि स्थानिक प्रयोगशाळा आपल्याकडे सापडलेले जीवाणू या प्रयोगशाळेकडे ओळख पटवण्यासाठी पाठवीत असत. परदेशांतूनही नमुने येत. १९५४ साली फेलिक्स यांच्यानंतर अँडरसन संचालक झाले.

या प्रयोगशाळेचे मुख्य साधन म्हणजे जीवाणुभक्षी विषाणू, अर्थात फाज. हे विषाणू जीवाणूंना संसर्ग करून त्यांचा नाश करतात. मात्र प्रत्येक फाज प्रत्येक जीवाणूला मारू शकत नाही. एकाच जातीच्या जीवाणूंपैकी काही एका फाजला बळी पडतात, तर काही दुसऱ्या फाजला. पोषक द्रव्याच्या थरावर जीवाणू पसरून त्यावर निरनिराळ्या फाजांचे थेंब टाकले असता, ज्या ठिकाणी जीवाणू नष्ट होतात तेथे स्वच्छ ठिपके उमटतात. कोणत्या थेंबाखाली ठिपका उमटला आणि कोणत्या नाही, यावरून त्या जीवाणूचा फाज-प्रकार ठरवला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे आणि रासायनिक चाचण्यांतही सारखेच वागणारे जीवाणू या पद्धतीने वेगळे ओळखता येतात. जीवाणूंच्या जनुकांचे वाचन शक्य नव्हते त्या काळात साथीचा माग काढण्यासाठी ही पद्धत अत्यंत मोलाची होती.

अँडरसन यांनी या पद्धतीचा विस्तार केला. विशेषतः साल्मोनेला टायफिम्युरियम या जीवाणूच्या फाज-प्रकारांची यादी त्यांच्या प्रयोगशाळेत पुष्कळ वाढली. विषमज्वराचा जीवाणू फक्त माणसात वाढतो. साल्मोनेला टायफिम्युरियम मात्र गाईगुरे, डुकरे, कोंबड्या आणि माणसे अशा सर्वांत आढळतो. माणसांमध्ये त्याच्यामुळे ताप, उलट्या व जुलाब होतात. लहान मुले, वृद्ध आणि आधीच आजारी असलेल्या व्यक्तींमध्ये तो रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे या जीवाणूच्या प्रकारांची नोंद ठेवताना अँडरसन यांच्यासमोर रुग्णालयांतील रुग्ण आणि गोठ्यांतील जनावरे यांचे चित्र एकत्रच येऊ लागले.

विषमज्वराच्या साथी

१९६३ साली स्वित्झर्लंडमधील झरमॅट या पर्यटनस्थळी विषमज्वराची साथ आली आणि तेथून परतलेले पर्यटक आजारी पडू लागले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये काही ठिकाणी विषमज्वराचे छोटे उद्रेक झाले. १९६४ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात मोठी साथ पसरली. ४०० हून अधिक लोकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि तिघांचा मृत्यू झाला. या साथीतील जीवाणूचा फाज-प्रकार ३४ असल्याचे कॉलिंडेल येथे निश्चित झाले. हा प्रकार ब्रिटनमध्ये सहसा आढळत नव्हता. त्यामुळे संसर्ग बाहेरून आला असावा, हे स्पष्ट झाले.

तपासाची दिशा अर्जेंटिनातून आयात झालेल्या कॉर्न्ड बीफकडे, म्हणजे मिठात मुरवून शिजवलेल्या डबाबंद गोमांसाकडे वळली. कारखान्यात डबे उष्णता देऊन निर्जंतुक केल्यानंतर नदीच्या पाण्यात थंड केले जात होते आणि त्या पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया केलेली नव्हती. डब्याच्या सांध्यातील बारीकशा फटीतून दूषित पाणी आत शिरले, तर आतील मांसात जीवाणूंची मुक्तपणे वाढ होई. ॲबर्डीनमधील एका दुकानात असा डबा उघडला गेला. मांसाच्या चकत्या कापण्याच्या यंत्राद्वारे आणि विक्रीच्या फळीवरून दूषितपणा अन्य खाद्यपदार्थांपर्यंत पोहोचला. अन्नाच्या व्यापारासोबत रोगजंतू एका खंडातून दुसऱ्या खंडात कसा जातो, याचे हे ठळक उदाहरण ठरले.

औषधप्रतिकाराचे संक्रमण

जीवाणू औषधांना प्रतिकार करू लागतात, ही गोष्ट १९४०च्या दशकापासूनच ज्ञात होती. एखाद्या जीवाणूत उत्परिवर्तन होते, औषधामुळे इतर जीवाणू मरतात, तो तेवढा जगतो आणि त्याची संतती वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. या समजुतीनुसार प्रतिकारशक्ती केवळ आईकडून लेकराकडे जावी तशी एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जात होती.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांना वेगळीच गोष्ट आढळली. हगवणीच्या जीवाणूंमध्ये एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकार दिसत होता आणि तो एका जीवाणूकडून शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही प्रत्यक्ष संपर्काने जात होता. ही क्षमता वाहून नेणाऱ्या जनुकीय घटकांना आर-घटक म्हटले गेले. आज त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. ब्रिटनमध्ये नाओमी दत्ता यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील साल्मोनेला टायफिम्युरियमच्या साथीत असाच संक्रमणशील प्रतिकार दाखवून दिला.

अँडरसन यांनी या प्रश्नाला आपल्या प्रयोगशाळेतील हजारो नमुन्यांच्या आधारे हात घातला. १९६५ साली एम. जे. लुईस यांच्यासह त्यांनी नेचर या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केले. प्रतिकार देणारी जनुके आणि त्यांना एका जीवाणूतून दुसऱ्या जीवाणूत नेणारा वाहक घटक हे वेगळे असू शकतात, असे त्यांनी दाखवले. वाहक घटक एखाद्या जीवाणूत आधीपासून असेल, तर तो पुढे वेगवेगळ्या औषधांविरुद्धची जनुके गोळा करू शकतो आणि मग एकगठ्ठा पुढे देऊ शकतो. वाहक घटक जीवाणूत शिरल्यावर त्याची फाजला बळी पडण्याची रीतही बदलू शकते, हेही त्यांच्या लक्षात आले. त्यामुळे फाज-प्रकारांच्या नोंदी आणि औषधप्रतिकाराच्या नोंदी त्यांना एकमेकींशी ताडून पाहता आल्या.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ गंभीर होता. जनावराच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूसुद्धा प्रतिकाराचे कोठार बनू शकतो. तो स्वतः कुणाला आजारी करत नसला, तरी आपल्याकडील प्रतिकारशक्ती तो रोगकारक जीवाणूला देऊ शकतो. एका औषधाच्या वापराने अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकार एकदमच पसरू शकतो, कारण ती जनुके एकाच घटकावर जोडलेली असतात.

वासरांमधील साथ : प्रकार २९

१९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये गोमांसासाठी वासरे वाढवण्याचा व्यवसाय झपाट्याने बदलत होता. दूध उत्पादकांना नको असलेली वासरे जन्मानंतर थोड्याच दिवसांत विकली जात. व्यापारी ती अनेक गोठ्यांतून गोळा करत, बाजारात किंवा आपल्या वाड्यात एकत्र ठेवत आणि दूरदूरच्या संगोपन केंद्रांना पाठवत. आईचा चीक पुरेसा न मिळालेली, लांबच्या प्रवासाने थकलेली आणि अनोळखी वासरांच्या गर्दीत कोंडलेली ही जनावरे सहज आजारी पडत. मग आजार बरा करण्यासाठी आणि पुष्कळदा आजार होऊ नये म्हणूनही कळपातील सर्व वासरांना प्रतिजैविके दिली जात.

अशा वासरांमध्ये साल्मोनेला टायफिम्युरियमचा फाज-प्रकार २९ वेगाने पसरू लागला. कॉलिंडेलला येणाऱ्या नमुन्यांत अँडरसन यांना या प्रकाराचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याच्या औषधप्रतिकाराचा इतिहास त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडला. सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन, अँपिसिलिन, निओमायसिन व कॅनामायसिन अशा औषधांविरुद्धचा प्रतिकार या जीवाणूत क्रमाक्रमाने साठत गेला होता. नवे औषध गोठ्यात आले की काही काळाने त्याला न जुमानणारा जीवाणू प्रयोगशाळेत दिसू लागे. फ्युराझोलिडोन या औषधाविरुद्धचा प्रतिकार मात्र संक्रमणशील नव्हता. इतर औषधांविरुद्धचा प्रतिकार वाहक घटकांमार्फत अन्य जीवाणूंकडे जाऊ शकत होता.

हाच प्रकार २९, त्याच औषधप्रतिकारासह, माणसांमध्येही सापडत होता. देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेकडो रुग्णांकडून आलेले नमुने वासरांकडील नमुन्यांशी जुळले. जनावरांचा व्यापार, मांस, दूध आणि गोठ्यातील प्रत्यक्ष संपर्क अशा मार्गांनी संसर्ग माणसांपर्यंत पोहोचत होता. साथीच्या प्रसारात वासरांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडील उलाढालीचा वाटा असल्याचेही तपासात दिसून आले. एका ठिकाणी गोळा झालेली वासरे देशभर गेली आणि त्यांच्याबरोबर जीवाणूही गेला.

१९६५ नंतरच्या काही वर्षांत अँडरसन यांनी या साथीची सविस्तर मांडणी केली. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये साल्मोनेला टायफिम्युरियममधील औषधप्रतिकार व त्याचे परिणाम या विषयावरील त्यांचा महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. औषधांचा सरसकट वापर हा वाईट व्यवस्थापनाला घातलेला मुलामा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वासरांची गर्दी, लांबचा प्रवास आणि अस्वच्छता कमी केली, तर आजार मुळातच कमी होतील आणि औषधांची गरजही घटेल, असे ते मांडत. पुढील काही वर्षांत प्रकार २९ मागे पडला. मात्र ज्या परिस्थितीत तो वाढला, ती बदलली नाही तर दुसरा एखादा प्रकार त्याची जागा घेईल, ही शक्यता कायम होती.

सार्वजनिक वाद

पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९५०च्या सुमारास सुरू झाली. लेडर्ले कंपनीतील थॉमस जुक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना असे आढळले होते, की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाऊ घातलेल्या कोंबड्यांची पिल्ले अधिक लवकर वाढतात. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्याने डुकरे व कोंबड्या यांच्या खाद्यात पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लीन गटातील औषधे अल्प प्रमाणात, पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिसळण्यास परवानगी मिळाली. युद्धोत्तर काळात अन्नधान्याची टंचाई होती आणि स्वस्त मांस व अंडी ही राष्ट्रीय गरज मानली जात होती. १९६० साली नेमलेल्या नेदरथॉर्प समितीला या प्रथेत मोठा धोका दिसला नव्हता.

अँडरसन यांच्या निष्कर्षांनंतर हा विषय वैज्ञानिक नियतकालिकांबाहेर पडला. शेतकरी संघटना, औषध कंपन्या आणि पशुवैद्यकांपैकी अनेकांनी त्यांच्या मांडणीला विरोध केला. माणसांमधील औषधप्रतिकार मुख्यतः डॉक्टरांच्या औषध वापरातून येतो, शेतीला दोष देणे योग्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जनावरांतील जीवाणू माणसाच्या आतड्यात फार काळ टिकत नाहीत, असे दाखवणारे प्रयोगही पुढे आले. अँडरसन स्पष्टवक्ते होते आणि वादात माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते. सरकारी यंत्रणेत काम करत असूनही ते वृत्तपत्रांशी मोकळेपणाने बोलत. त्यामुळे त्यांचे चाहते आणि टीकाकार दोन्ही मोठ्या संख्येने होते.

१९६७ च्या अखेरीस इंग्लंडच्या ईशान्येकडील मिडल्सब्रो परिसरात तान्ह्या बालकांमध्ये आंत्रदाहाची साथ आली व काही बालके दगावली. या साथीतील ई. कोलाय जीवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. या जीवाणूचा उगम पशूंपासून झाल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही उपचाराची औषधे निरुपयोगी ठरली तर काय घडते, हे या घटनेने लोकांसमोर आणले. अँडरसन यांनी १९६८ साली या साथीच्या संदर्भात संक्रमणशील औषधप्रतिकाराचा प्रश्न पुन्हा मांडला. वृत्तपत्रांतून आणि संसदेत चौकशीची मागणी वाढली.

स्वान समिती

जुलै १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारने एक संयुक्त समिती नेमली. एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख व जीवशास्त्रज्ञ मायकेल स्वान हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल नोव्हेंबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पशुधनाला प्रतिजैविके देण्याच्या पद्धतीमुळे मानव आणि पशू या दोघांच्याही आरोग्याला धोका निर्माण होतो, हे समितीने मान्य केले.

समितीने प्रतिजैविकांचे दोन वर्ग सुचवले. जी औषधे मानवी वा पशूंच्या उपचारात फारशी उपयोगी नाहीत आणि ज्यांच्यामुळे उपचाराच्या औषधांविरुद्ध प्रतिकार वाढत नाही, तीच चिठ्ठीशिवाय खाद्यात मिसळावीत. पेनिसिलिन, टेट्रासायक्लीन यांसारखी उपचाराची औषधे केवळ पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच द्यावीत. मानव व पशू या दोन्ही क्षेत्रांतील प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणारी एकच समिती असावी, असेही सुचवण्यात आले. सरकारने मुख्य शिफारशी स्वीकारल्या आणि १९७१ पासून ब्रिटनमध्ये पेनिसिलिन व टेट्रासायक्लीन यांचा वाढीसाठी होणारा वापर थांबला.

या निर्णयाला एक मर्यादा होती. निर्बंध मुख्यतः डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यात चिठ्ठीशिवाय मिसळल्या जाणाऱ्या औषधांवर आले होते. प्रकार २९ मात्र वासरांमध्ये, उपचार व प्रतिबंध या नावाखाली दिलेल्या औषधांमुळे वाढला होता. ती वाट पशुवैद्याच्या चिठ्ठीने खुलीच राहिली. निरोगी कळपालाही सरसकट औषध देण्याची पद्धत नव्या नियमांनी बंद झाली नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकार २०४ व १९३ हे साल्मोनेला टायफिम्युरियमचे बहुऔषधरोधी प्रकार ब्रिटनमधील वासरांमध्ये पसरले आणि तेथून माणसांमध्ये आले. त्यांच्यात क्लोरॅम्फेनिकॉलविरुद्धचाही प्रतिकार होता.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि विषमज्वर

क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळी विषमज्वरावरील सर्वांत भरवशाचे औषध होते. ते शेतीत वापरू नये आणि माणसांमध्येही किरकोळ तक्रारींसाठी देऊ नये, अशी अँडरसन यांची ठाम भूमिका होती. विषमज्वराच्या जीवाणूला एखाद्या दिवशी हा प्रतिकार लाभेल, याची त्यांना चिंता होती.

१९७२ साली मेक्सिकोत ही भीती खरी ठरली. तेथील विषमज्वराच्या मोठ्या साथीत रुग्णांची संख्या १०,००० च्या वर गेली आणि जीवाणू क्लोरॅम्फेनिकॉलसह अनेक औषधांना दाद देत नव्हता. त्याच वर्षी केरळमधील कालिकत (कोळिकोड) येथेही क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा विषमज्वर आढळला आणि तेथील संशोधकांनी त्यातील प्रतिकार संक्रमणशील असल्याचे नेचरमध्ये नोंदवले. अँडरसन यांनी विषमज्वराच्या जीवाणूतील या प्रतिकाराचा व तो वाहणाऱ्या प्लाझ्मिडचा अभ्यास केला. हा जीवाणू केवळ माणसात राहणारा असल्याने येथे दोष मानवी औषधोपचारातील बेसुमार वापराकडे जात होता. अँडरसन यांनी तोही तितक्याच स्पष्टपणे दाखवला. प्रतिजैविके ही सामायिक ठेव आहे, ती गोठ्यात उधळली काय किंवा दवाखान्यात उधळली काय, परिणाम सर्वांनाच भोगावा लागतो, हा विचार त्यांच्या सर्व लेखनाच्या मुळाशी होता.

सन्मान व उत्तरायुष्य

अँडरसन यांची १९६८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. १९७६ साली त्यांना सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९७८ साली ते प्रयोगशाळेच्या संचालकपदावरून निवृत्त झाले. मार्च २००६ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून युरोपीय संघात पशूंची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर पूर्ण बंदी लागू झाली होती.

वारसा

स्वान अहवालानंतरच्या काळात अँडरसन यांनी मांडलेला प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुढे आला. वाढीसाठी वापरले जाणारे ॲव्होपार्सिन मानवी उपचारात वापरले जात नसल्याने सुरक्षित मानले गेले होते. परंतु त्याची रचना व्हॅन्कोमायसिन या रुग्णालयातील अखेरच्या आधाराच्या औषधासारखी आहे. ॲव्होपार्सिन खाणाऱ्या जनावरांत व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे जीवाणू आढळल्यावर डेन्मार्कने १९९५ साली आणि युरोपीय संघाने १९९७ साली त्यावर बंदी घातली. १९९० च्या दशकात साल्मोनेला टायफिम्युरियमचा डीटी १०४ हा पाच औषधांना प्रतिकार करणारा प्रकार ब्रिटनमधील गुरांपासून माणसांपर्यंत आला आणि अन्य देशांतही आढळला. स्वीडनने १९८६ सालीच वाढीसाठीचा वापर बंद केला होता. अमेरिकेत मानवी उपचारासाठी महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा असा वापर २०१७ पासून थांबवण्यात आला.

२०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिन या औषधाविरुद्धचा प्रतिकार देणारे एमसीआर-१ हे जनुक डुकरे, मांस आणि रुग्ण यांच्यातील जीवाणूंत सापडले. ते प्लाझ्मिडवर असल्याने एका जीवाणूतून दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकत होते. अन्य सर्व औषधे हरल्यावर कोलिस्टिन दिले जात असल्यामुळे जगभर खळबळ उडाली. भारतातही कोंबड्यांच्या व्यवसायात कोलिस्टिन वापरले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशू, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

जनुकांचे थेट वाचन करण्याच्या आधुनिक तंत्रामुळे फाज-प्रकारांची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. मात्र मानवी आरोग्य, पशूंचे आरोग्य आणि पर्यावरण यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा आज एकात्म आरोग्य या नावाने ओळखला जाणारा दृष्टिकोन अँडरसन यांच्या कार्यात अर्धशतकापूर्वीच दिसतो. गोठ्यातील वासराचा आणि रुग्णालयातील रुग्णाचा नमुना एकाच टेबलावर तपासून त्यांनी दोघांमधील नाते उघड केले. औषधाच्या अतिवापराऐवजी संगोपनाच्या पद्धतीत सुधारणा करावी, हा त्यांचा आग्रह प्रतिजैविकांच्या वापराविषयीच्या धोरणांत आजही केंद्रस्थानी आहे.